मनाची जखम आणि डॉक्टर रिव्हर्स

घरांत एखादा मोठा आघात झाला, म्हणजे समाचारास येणारीं माणसें उठतां उठतां एक वाक्य हटकून बोलून जातात : "झालें तें झालें; आतां तें मनांतून काढून टाका." या बोलण्यांत माया असते, हेतु चांगला असतो, आणि ऐकणाराही मुकाट्यानें मान हालवितो. परंतु तीं माणसें उंबरठ्याबाहेर गेलीं आणि रात्रीं दिवा मालवला, म्हणजे जें मनांतून काढून टाकावयाचें तेंच नेमकें उशाशीं येऊन बसतें. हा अनुभव ज्याच्या वांट्यास कधींच आला नाहीं असा मनुष्य विरळा.

सन १९१७ च्या डिसेंबर महिन्यांत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन या संस्थेंत एका डॉक्टरांनीं एक निबंध वाचला. पहिलें महायुद्ध त्या वेळीं ऐन भरांत होतें. युद्धांत पाहिलेलें भयंकर दृश्य विसरून जा, असा जो उपदेश सैनिकांना आप्तेष्टांकडून आणि वैद्यांकडून रात्रंदिवस केला जात होता, तो उपदेशच पुष्कळ वेळां त्यांचा आजार वाढवितो, असें त्यांनीं त्या निबंधांत सांगितलें. या डॉक्टरांचें नांव डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. रोग्याला समोर उभें करून हुकूम सोडण्याऐवजीं त्याला शेजारीं बसवून त्याच्याबरोबर विचार करण्याची त्यांची रीत कशी घडली, तिनें काय साधलें आणि ती कोठें अडली, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

महायुद्धास १९१४ च्या ऑगस्टांत तोंड लागलें, आणि थोड्याच महिन्यांत फ्रान्समधील खंदकांतून एक निराळ्याच प्रकारचे रोगी रुग्णालयांत येऊं लागले. त्यांच्या अंगावर जखम नसे. परंतु कोणाची वाचा बसलेली, कोणाचे पाय लुळे पडलेले, कोणाची दृष्टि गेलेली, तर कोणी रात्रीं किंकाळी फोडून उठणारा. डॉ. चार्ल्स मायर्स यांनीं १९१५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत अशा तीन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि 'शेल-शॉक' म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द रूढ झाला. फुटणाऱ्या गोळ्याच्या हादऱ्यानें मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी, असा प्रथम तर्क होता. पुढें असें दिसून आलें कीं, ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नाहीं तेही याच रोगानें पछाडले जात आहेत. तेव्हां इजा शरीराला नसून मनाला आहे, हें उघड झालें.

परंतु मनाची जखम दिसत नाहीं, आणि जी दिसत नाहीं ती खोटी, असें म्हणणें सोपें असतें. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यांत या आजाराच्या सुमारें ८०,००० रोग्यांची नोंद झाली. त्याच काळांत पलायन, भ्याडपणा इत्यादि गुन्ह्यांसाठीं ३०६ शिपायांना त्यांच्याच बाजूच्या बंदुकांनीं गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांपैकीं कांहीं जण गुन्हेगार नसून रोगी होते, हें आतां सर्वमान्य आहे. परंतु त्यांना क्षमा करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटानें केला तो २००६ सालीं, म्हणजे नव्वद वर्षांनीं.

ज्यांना रोगी मानलें गेलें, त्यांचेंही सर्वांचें नशीब सारखें नव्हतें. लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयांत डॉ. लुईस यीलंड हे अशा शिपायांवर विजेच्या प्रवाहाचा उपचार करीत. त्यांनीं १९१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत एका २४ वर्षांच्या शिपायाची हकीकत आहे. फ्रान्समधील अनेक लढाया पाहून आलेला हा तरुण नऊ महिने मुका होता. डॉक्टरांनीं त्याला अंधाऱ्या खोलींत नेलें, दारास कुलूप लावलें, आणि पूर्ववत् बोलूं लागल्याशिवाय येथून सुटका नाहीं असें त्यास बजावलें. मग त्याच्या घशाला विजेचे झटके देण्यास आरंभ झाला. सुमारें चार तासांनीं तो शिपाई बोलूं लागला.

तो बोलूं लागला ही गोष्ट खरी, आणि ती नाकारणें अन्यायाचें होईल. वाचा परत आल्याचा आनंद त्यालाही झाला असेल. परंतु त्या चार तासांत एक प्रश्न त्याला कोणी विचारला नाहीं : "बाबा रे, तूं काय पाहिलेंस?" त्याचा कंठ मोकळा झाला, कंठ ज्यामुळें दाटला होता तें जागच्या जागीं राहिलें.

आतां डॉ. रिव्हर्स यांच्याकडे वळूं. त्यांचा जन्म १८६४ सालचा, इंग्लंडमधील केंट परगण्यांतला. वडील धर्मोपदेशक होते आणि तोतरेपणावर उपचार करण्यांत त्यांचें नांव होतें. परंतु मुलाचा तोतरेपणा कांहीं त्यांच्यानें गेला नाहीं. तो रिव्हर्स यांना जन्मभर पुरला. शब्द ओठांशीं येऊन अडणें म्हणजे काय, हें या डॉक्टरांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

वैद्यकाची पदवी घेऊन ते केंब्रिज येथें मानसशास्त्र शिकवूं लागले. १८९८ सालीं केंब्रिजहून एक शास्त्रीय तुकडी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनींतल्या बेटांवर गेली, तींत रिव्हर्स होते, आणि त्यांचे शिष्य मायर्सही होते. तेथील लोकांच्या दृष्टीची परीक्षा घेण्यास गेलेले रिव्हर्स त्यांच्या वंशावळी लिहून घेऊं लागले. कोण कोणाचा कोण लागतो, हें ज्याचें त्यानें सांगावें आणि आपण लिहावें. पुढें १९०१-०२ सालीं ते आपल्या देशांत येऊन निलगिरीच्या पठारावर तोडा लोकांत राहिले. तेथील म्हशींचे गोठे, दूधदुभत्याचे विधि आणि नातींगोतीं यांवरील त्यांचा जाडा ग्रंथ १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. या साऱ्या कामांत एक गोष्ट त्यांच्या अंगवळणीं पडली. ती अशी कीं, जाणता तो समोरचा मनुष्य. आपण विचारणारे, आणि म्हणून अजाण.

याच प्रवासांतील एक गंमत त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेविली आहे. एकदां ते जहाजावर पॅसिफिक महासागरांतील नियुए बेटाच्या चार रहिवाशांना त्यांच्या चालीरीती विचारीत होते. बैठक संपली तेव्हां त्या चौघांनीं म्हटलें, आतां आम्ही तुम्हांस प्रश्न विचारतों. पहिलाच प्रश्न असा : तुम्हांला सोन्याचें एक नाणें मिळालें, तर त्याचें काय कराल? आईबाप, भाऊबहीण यांत तें वांटाल ना? रिव्हर्स म्हणाले, सहसा वांटणार नाहीं. हें उत्तर त्या लोकांना इतकें विलक्षण वाटलें कीं, त्यांना हंसूं आवरेना. ज्याला आपण तपासतों त्यालाही आपल्याला तपासण्याचा अधिकार आहे, हा धडा त्या हंसण्यांत होता, आणि रिव्हर्स तो विसरले नाहींत.

दुसरा धडा घरींच मिळाला. त्यांचे मित्र डॉ. हेन्री हेड यांना, तुटलेला मज्जातंतु जुळतांना स्पर्शाची जाणीव कसकशी परत येते, हें पाहावयाचें होतें. रोग्यांना तें नीट सांगतां येत नसे. तेव्हां त्यांनीं १९०३ च्या एप्रिलांत आपल्याच डाव्या हातांतील मज्जातंतु कापून घेतला. पुढें चार वर्षांहून अधिक काळ ते लंडनहून केंब्रिजला येत, डोळे मिटून बसत, रिव्हर्स हातावर टोंचीत, आणि काय जाणवतें तें हेड सांगत. एकाला वेदना होई, दुसरा ती टिपून घेई, आणि शोध दोघांचा होई. डॉक्टर आणि रोगी यांच्यांतील भागीदारी ती आणखी कोणती?

अशी पूर्वतयारी झालेला हा मनुष्य १९१६ च्या ऑक्टोबरांत, बावन्न वर्षांचा असतां, सैन्यांतील कॅप्टनचा गणवेश चढवून स्कॉटलंडमध्यें एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील युद्धरुग्णालयांत दाखल झाला. ही इमारत मूळची जलोपचारगृहाची. १९१९ पर्यंत तींत १७०० हून अधिक अधिकारी येऊन गेले. दिवसा तेथें गोल्फ चाले, टेनिस चाले, रोग्यांचें स्वतःचें नियतकालिकही निघे. रात्र पडली म्हणजे मात्र खोल्याखोल्यांतून कण्हणें आणि ओरडणें ऐकूं येई.

रिव्हर्स यांच्याकडे येणारे बहुतेक रोगी मोठे आज्ञाधारक होते. विसरा म्हणून सांगितलें होतें, आणि ते दिवसभर जिवापाड विसरत होते. परिणाम असा होई कीं, दिवसा कोंडलेलें रात्रीं स्वप्नांतून फुटे, आणि झोंपेची धास्ती घेऊन मनुष्य झिजत जाई. रिव्हर्स प्रथम हें सारें त्यास समजावून देत. हें वेड नव्हे, हा भ्याडपणा नव्हे. जें लोटावें तें उलटून येतें, हा मनाचा धर्मच आहे. मग ते म्हणत, आपण दोघे मिळून त्या आठवणीकडे जरा पाहूं. आपल्या उपचाराचें सार त्यांनीं रोग्यास स्वतःची ओळख पटणें यांत मानलें. हें ज्ञान डॉक्टरानें बाहेरून पाजावयाचें औषध नव्हे. तें रोग्यानें आपल्या हातीं काढावयाचें असतें, आणि डॉक्टरानें कंदील धरावयाचा असतो.

त्यांच्या निबंधांतील एक उदाहरण सांगतों. एक तरुण अधिकारी रणांगणावर आपल्या मित्राला शोधावयास गेला, तों त्याला मित्राचा छिन्नविच्छिन्न देह सांपडला. तेव्हांपासून तो मित्र त्याच विद्रूप अवस्थेंत, कधीं महारोग्याच्या रूपानें, स्वप्नांत जवळ जवळ येई. हा बिचारा दिवसा तो विचार दूर ठेवी आणि रात्रीं घामाघूम होऊन उठे. रिव्हर्स यांनीं त्याची हकीकत पुरती ऐकून घेतली आणि मग एवढेंच दाखवून दिलें कीं, ज्या अर्थीं देहाची अशी स्थिति झाली त्या अर्थीं मरण एका क्षणांत आलें; तुझ्या मित्राला तडफडावें लागलें नाहीं. हा विचार त्या तरुणास कधीं शिवलाच नव्हता, कारण तो त्या आठवणीजवळ थांबतच नव्हता. कांहीं रात्री स्वप्न पडलें नाहीं. मग एके रात्रीं तें पुन्हां पडलें. परंतु या वेळीं तो मित्राच्या देहाजवळ गुडघे टेकून बसला होता, आणि घरच्यांना पाठविण्यासाठीं त्याच्याजवळच्या चीजवस्तु हळूहळू काढून घेत होता. तो जागा झाला तेव्हां भय नव्हतें. होता तो शोक. आठवण गेली नाहीं. ती राक्षसाची होती, ती माणसाची झाली.

येथें थांबलों तर ही एक सुखान्त गोष्ट होईल. परंतु रिव्हर्स यांनीं त्याच निबंधांत आपलें अपयशही सांगितलें. दुसरा एक अधिकारी स्फोटानें फेंकला जाऊन अनेक दिवसांच्या एका प्रेतावर तोंडघशीं आदळला होता. त्याचें सविस्तर वर्णन मी करीत नाहीं. त्या आठवणींत कोठें समाधानाचा कण सांपडतो का, हें रिव्हर्स यांनीं शोधून पाहिलें. सांपडला नाहीं. तेव्हां त्यांनीं खोटा दिलासा दिला नाहीं. या मनुष्यास पूर्वीं खेड्यांतील मोकळ्या हवेंत बरें वाटलें होतें, हें त्याच्याकडूनच त्यांना कळलें होतें. त्यानें सैन्य सोडून तसेंच जीवन पत्करावें, असा सल्ला त्यांनीं दिला. ज्या डॉक्टराच्या तोंडीं 'येथें माझा उपाय चालत नाहीं' हे शब्द येऊं शकतात, त्याच्याच इतर शब्दांवर रोग्यानें विश्वास ठेवावा.

आतां त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध रोग्याविषयीं. पुण्याचें ससून रुग्णालय आपणां सर्वांस ठाऊक आहे. बगदादहून मुंबईस येऊन वैभवास चढलेले आणि १८६४ सालीं पुण्यास वारलेले डेव्हिड ससून यांच्या दानशूरपणाचें तें स्मारक. त्यांचा एक पणतू सीगफ्रीड ससून इंग्लंडांतच जन्मला, वाढला, कवि झाला, आणि फ्रान्समध्यें शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवून आला. १९१७ च्या जुलै महिन्यांत त्यानें जाहीर निवेदन काढलें कीं, जे थांबवूं शकतात तेच हें युद्ध जाणूनबुजून लांबवीत आहेत, आणि म्हणून मी पुन्हां लढणार नाहीं. तें निवेदन ३० जुलै रोजीं पार्लमेंटांत वाचलें गेलें. लष्करी न्यायालयासमोर नेऊन त्याला हुतात्मा करण्यापेक्षां रोगी ठरविणें सरकारास सोईचें होतें. त्याचे मित्र रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनींही त्याला वाचविण्यासाठीं तोच मार्ग काढला. ससून क्रेगलॉकहार्टला आला.

रिव्हर्स यांना त्याच्या ठिकाणीं रोग आढळला नाहीं. तसें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. मग आठवड्यांतून तीन संध्याकाळीं हे दोघे समोरासमोर बसून बोलूं लागले. औषध नाहीं, दटावणी नाहीं. युद्ध चालावें कीं थांबावें, हाच वाद. परंतु एक गोष्ट खोलींतून जात नव्हती. डॉक्टरांच्या अंगावर राजाचा गणवेश होता, आणि रोग्यास बरें करून लढाईवर परत पाठविणें हें त्यांचें नेमलेलें काम होतें. जो मनुष्य शहाणा आहे त्याला कशापासून बरें करावयाचें?

नियुएच्या लोकांनीं जहाजावर विचारला तसा प्रश्न पुन्हां एकदां रिव्हर्स यांच्यावरच उलटला. त्यांनीं स्वप्नांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत आपल्या एका स्वप्नाची फोड केली आहे. या रोग्याशीं झालेल्या वादामुळें युद्धाविषयींचीं आपलींच मतें मनांत डळमळूं लागलीं होतीं, हें त्यांनीं तेथें लपविलेलें नाहीं. आपण ज्याचें मन वळवावयाचें त्यानेंच आपलें वळविलें तर काय, या विचारानें ते चपापले होते. विजेचें यंत्र हातीं घेणाऱ्या डॉक्टरावर हा प्रसंग येत नाहीं. तो रोग्याच्या शेजारीं बसणाऱ्यावरच येतो.

नोव्हेंबरांत ससूननें पुन्हां लढावयास जाण्याचें कबूल केलें. त्याचें मत बदललें नव्हतें. आपल्या हाताखालचे शिपाई तेथें मरत असतां आपण येथें सुखरूप राहावें, हें त्याला सोसवेना. १९१८ च्या जुलैंत त्याच्या डोक्यास गोळी लागली. तो वांचला आणि १९६७ पर्यंत जगला. त्याच रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टरांकडे असलेला त्याचा मित्र, कवि विल्फ्रेड ओवेन, हाही बरा होऊन परत गेला, आणि युद्ध संपण्यास अवघा एक आठवडा उरला असतां ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं मारला गेला. बरें करणें म्हणजे काय, या प्रश्नाला यापेक्षां कठोर टीप कोणी जोडूं शकणार नाहीं. आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिव्हर्स यांच्या शेजारची ती खुर्ची अधिकाऱ्यांसाठीं होती. खंदकांतल्या साध्या शिपायाच्या वांट्यास तीन संध्याकाळ सहसा येत नसत. त्याच्यासाठीं बहुधा कुलूप लावलेली खोलीच असे.

रिव्हर्स १९२२ च्या जूनमध्यें केंब्रिज येथें अकस्मात् वारले. त्या वर्षीं लंडन विद्यापीठाच्या मतदारसंघांतून मजूर पक्षातर्फे पार्लमेंटास उभे राहण्याचें त्यांनीं मान्य केलें होतें. रुग्णालयांतील वाद अशा रीतीनें रुग्णालयाबाहेर पडला होता. ससूननें १९३६ सालीं आपल्या युद्धजीवनावर जें तिसरें पुस्तक लिहिलें, त्यांत इतरांचीं नांवें बदललीं, पण रिव्हर्स यांचें नांव तेवढें जसेंच्या तसें ठेविलें.

युद्ध संपलें तसा हा विषयही लोक विसरले. दुसऱ्या महायुद्धांत तो पुन्हां शिकावा लागला. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें आपापसांत गोल करून बोलूं लागले, आणि त्यांनीं मानसोपचारकांना बोलाविलें तें सल्लागार म्हणून नव्हे, तर बरोबरीचे सोबती म्हणून. त्यांच्या आग्रहाचा पुष्कळसा परिणाम म्हणून १९८० सालीं अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत सूचींत आघातोत्तर विकारास स्वतंत्र स्थान मिळालें. पुढें १९९२ सालीं डॉ. ज्युडिथ हर्मन यांनीं एक ग्रंथ लिहून दाखविलें कीं, रणांगणावरील सैनिकाची आणि घराच्या चार भिंतींआड मार खाणाऱ्या स्त्रीची जखम एकाच जातीची आहे. बरें होण्याच्या त्यांनीं तीन पायऱ्या सांगितल्या : प्रथम सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि शेवटीं जगाशीं पुन्हां नातें जोडणें. आघात म्हणजे मनुष्याच्या हातांतील सत्ता हिरावून घेतली जाणें. म्हणून जो उपचार त्याच्यावर पुन्हां सत्ता गाजवितो, तो कितीही सद्धेतूनें केलेला असो, त्याच जखमेवर घाव घालतो. रिव्हर्स यांना हें अशा शब्दांत मांडतां आलें नव्हतें. पण त्यांच्या खोलींत तें घडत होतें.

श्रोतेहो, यावरून कोणीं असें समजूं नये कीं, दुःखिताला खोदून खोदून विचारावें. रिव्हर्स यांनींच बजावून ठेविलें आहे कीं, सतत त्याच आठवणींत बुडून राहणें हेंही विसरण्याच्या अट्टाहासाइतकेंच घातक आहे. केव्हां बोलावें आणि किती बोलावें, हें ज्याचें दुःख त्यानें ठरवावयाचें. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, त्यानें बोलावयास तोंड उघडलें तर 'आतां तें मनांतून काढून टाका' असें म्हणून तें मिटवूं नये. पुढल्या वेळीं समाचारास जाल तेव्हां तें वाक्य ओठांवर येईल. संवयच आहे ती. तें गिळावें, आणि उठण्याची घाई न करतां आणखी थोडा वेळ बसून राहावें.